बॉयकॉट : एका आडनावाचं क्रियापद कसं झालं आणि ते वापरताना आपला पाय कुठे घसरतो

इंग्रजीच्या वर्गात एकाने फळ्यावर वाक्य लिहिलं : ‘द व्हिलेजर्स पुट बॉयकॉट ऑन व्होटिंग.’ रस्ता होत नाही म्हणून गावाने मतदानावर बहिष्कार टाकला, ही बातमी त्याला इंग्रजीत सांगायची होती. वाक्यातला शब्द न् शब्द इंग्रजी, पण वाक्य अस्सल मराठी. ‘टाकला’चं ‘पुट’ झालं, ‘वर’चं ‘ऑन’ झालं. वर्गातल्या कुणालाही त्यात काही खटकलं नाही, कारण सगळ्यांच्याच डोक्यात ते तसंच होतं.

चूक व्याकरणाची दिसते, पण मुळात ती शब्दाची ओळख अर्धवट असल्याची आहे. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार, एवढं पाठ केलं की आपल्याला वाटतं काम झालं. हे दोन शब्द एकमेकांचे शेजारी आहेत, जुळे भाऊ नाहीत. एक इंग्रजी शब्द मुळापासून कसा ओळखायचा, हे या एकाच शब्दावर पायरीपायरीने करून पाहू. हीच रीत पुढे कुठल्याही शब्दाला लावता येईल.

पायरी १ : आधी जिभेवर, मग वहीत

उच्चार बॉयकॉट. जोर पहिल्या भागावर, ‘बॉय’वर. अमेरिकन माणूस दुसरा भाग ‘काट’कडे झुकवतो, तेवढाच फरक. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘टी’ येतात, आणि मुलं हमखास एक ‘टी’ खातात. भूतकाळ करताना नुसतं ‘ईडी’ लावायचं, कारण ‘टी’ आधीच दोन आहेत : बॉयकॉटेड. चालू काळात बॉयकॉटिंग, करणारा तो बॉयकॉटर. नाम आणि क्रियापद दोन्हींचं रूप एकच.

हा शब्द ‘बॉय’ आणि ‘कॉट’ जोडून झाला असेल, असं मला एका विद्यार्थिनीने फार गंभीरपणे सांगितलं होतं. मुलाला खाटेवर टाकून द्यायचं, म्हणजे बहिष्कार! गंमत अशी की इंग्रजीतला ‘कॉट’ खरोखरच आपल्या खाटेवरून गेलेला आहे. पण बॉयकॉटमध्ये ना पोरगा आहे, ना खाट. ते एका माणसाचं आडनाव आहे. त्यातही थोडक्यात बचावलं : त्याच्या घराण्याचं आडनाव आधी ‘बॉयकॅट’ असं लिहीत, तो लहान असताना घरच्यांनी स्पेलिंग बदललं.

पायरी २ : शब्दामागचा माणूस गाठा

प्रत्येक शब्दामागे गोष्ट नसते. जिथे असते तिथे ती वगळू नये, कारण अर्थाच्या बारीक छटा तिथेच सापडतात. या शब्दामागची गोष्ट तर कूळ, खंड आणि जप्ती यांची आहे. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगायलाच नको.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधल्या नॉरफकचा. जन्म १८३२ चा. काही काळ सैन्यात होता, पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात लॉख मास्क नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठची लॉर्ड अर्न या जमीनदाराची जमीन हा बॉयकॉट सांभाळायचा. कुळांकडून खंड वसूल करणं आणि न देणाऱ्याला बेदखल करणं, हे त्याचं काम. शिवाय काही जमीन खंडाने घेऊन तो स्वतःही शेती करत असे. आपल्याकडे अशा माणसाला कारभारी म्हटलं असतं. गावाच्या शिव्या खाणारा माणूस तोच, कारण खरा मालक लांब राहतो.

१८७९ हे साल आयर्लंडमध्ये वाईट गेलं. पिकं बुडाली. त्याच वर्षी कुळांच्या बाजूने लढणारी लँड लीग ही संघटना स्थापन झाली आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष झाला. १८८० मध्ये लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. मालकाने ऐकलं नाही आणि बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध बेदखलीची कागदपत्रं काढली.

१९ सप्टेंबर १८८० ला पार्नेलचं एनिस या गावी भाषण झालं. बेदखल झालेल्या कुळाची जमीन दुसऱ्या कुणी पुढे होऊन घेतली, तर त्या माणसाचं काय करायचं, असं त्याने गर्दीला विचारलं. गर्दीतून आवाज आले, गोळी घाला! पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला, दुकानात दिसला, बाजारात आला, अगदी देवळात जरी समोर आला, तरी त्याच्याशी बोलू नका. जुन्या काळी महारोग्याला वेगळं ठेवत तसं त्याला एकटं पाडा. ही उपमा आज कानाला टोचते, पण भाषणात ती होती.

या भाषणानंतर तीनच दिवसांनी नोटिसा लावायला निघालेला सरकारी माणूस लॉख मास्कजवळ पोचला. बायकांनी त्याच्यावर चिखल आणि शेण फेकून त्याला पिटाळून लावलं. मग गाव बॉयकॉटकडे वळलं. शेतमजूर निघून गेले, घरातले नोकर गेले. लोहाराने घोड्याला नाल मारायला नकार दिला. धोबीण कपडे घेईना. टपाल आणणाऱ्या पोराला दमदाटी झाली. जवळच्या बॅलिनरोबमधले दुकानदार त्याला माल देईनात. कुणी अंगाला हात लावला नाही, कुणी बोललंही नाही. शेतात पीक उभं होतं आणि काढायला माणूस नव्हता.

बॉयकॉटने लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहून हे गाऱ्हाणं मांडलं, आणि एका खेड्यातलं भांडण साऱ्या ब्रिटनचं झालं. त्याच्या मदतीसाठी निधी जमला. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मॉनहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणि पोलीस. नोव्हेंबरच्या पावसात ही फौज सलगम आणि बटाटे काढणाऱ्या पन्नास जणांभोवती पहारा देत उभी राहिली. पीक सुमारे पाचशे पौंडांचं, आणि ते काढायचा खर्च दहा हजार पौंडांच्या घरात. एकेका सलगमामागे सरकारचा एक शिलिंग गेला, असं पार्नेल म्हणाला. पीक निघालं, पण बॉयकॉट तिथे टिकला नाही. निघायच्या दिवशी त्याची गाडी हाकायलाही कुणी मिळेना. शेवटी लष्कराच्या रुग्णगाडीतून, सैनिकाच्या हाती लगाम देऊन कुटुंब बाहेर पडलं. १ डिसेंबर १८८० ला त्याने आयर्लंड सोडलं. तो गेला १८९७ मध्ये, पण त्याचं आडनाव त्याच्या डोळ्यांदेखत शब्दकोशाच्या वाटेला लागलं होतं.

पायरी ३ : शब्द कुणी घडवला, आणि कशासाठी

हा भाग मला सगळ्यात आवडतो. जेम्स रेडपाथ नावाचा एक अमेरिकन पत्रकार त्या सुमारास तिथे फिरत होता. त्या भागातले पाद्री फादर जॉन ओमॅली यांच्याबरोबर तो जेवायला बसला होता. रेडपाथने सांगितलेली हकीकत अशी : जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला लोक वाळीत टाकतात, त्याला आपण एक शब्द शोधत होतो. ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, असं फादर म्हणाले. थोडा वेळ विचार करून त्यांनीच सुचवलं, ‘टू बॉयकॉट हिम’ म्हटलं तर?

म्हणजे हा शब्द जन्मला तोच अवघड शब्दाला सोपा पर्याय म्हणून. शेतकऱ्याला ग्रीक मुळाचा शब्द कळणार नव्हता, पण शेजारच्या कॅप्टनचं काय झालं ते त्याला नक्की ठाऊक होतं. १८८० संपायच्या आत वर्तमानपत्रं हा शब्द क्रियापद म्हणून सर्रास छापू लागली. सुरुवातीला अवतरणचिन्हांत आणि पहिलं अक्षर मोठं करून, मग चिन्हं गेली, मग मोठं अक्षरही गेलं. पुढे तो फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, जपानी अशा कितीतरी भाषांत थोड्याफार फरकाने तसाच शिरला.

इथून एक कामाची गोष्ट घ्या. आज हा शब्द वाक्याच्या मध्ये लहान ‘बी’नेच लिहायचा. मोठा ‘बी’ दिसला तर वाचणाऱ्याला आधी इंग्लंडचा सलामीवीर जेफ्री बॉयकॉट आठवेल, आणि तोही खेळपट्टी न सोडण्यासाठीच प्रसिद्ध.

पायरी ४ : गोष्टीतून अर्थाच्या खुणा काढा

आता शब्दकोश उघडायला हरकत नाही, पण त्याआधी गोष्टीवरून स्वतः व्याख्या करून पाहा. लॉख मास्कला काय घडलं? लोकांनी आपल्या हातातली गोष्ट काढून घेतली : आपली मजुरी, आपलं गिऱ्हाईक, आपलं बोलणं. एकट्याने नाही, मिळून. लपूनछपून नाही, उघडपणे. आणि हे केलं ते समोरच्यावर दबाव यावा म्हणून.

या खुणा जिथे जुळतात तिथे बॉयकॉट. एखादं दुकान महाग आहे म्हणून तुम्ही तिथे जात नाही, हे बॉयकॉट नाही, काटकसर आहे. तेच दुकान कामगारांना पगार देत नाही म्हणून वस्तीने ठरवून तिथली खरेदी थांबवली, तर बॉयकॉट. मला तरी या खुणांतली पहिली सगळ्यात मोलाची वाटते. बॉयकॉट करणारा नेहमी स्वतःचं काहीतरी रोखून धरतो. दुसऱ्याला अडवणं वेगळं, आपण न जाणं वेगळं. पुढच्या पायरीतला अर्धा गोंधळ एवढ्यानेच सुटतो.

पायरी ५ : शेजारचे शब्द शेजारी ठेवून पाहा

*बॅन.* बंदी ती घालू शकतो ज्याच्या हातात सत्ता आहे. दक्षिण आफ्रिकेला वर्णभेदामुळे १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये खेळू दिलं नाही, हा ऑलिंपिक समितीचा बॅन होता. १९७६ साली माँट्रियलला अनेक आफ्रिकी देश स्वतःहून खेळले नाहीत, कारण न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळून आला होता, तो बॉयकॉट. आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर १९७४ चा डेव्हिस चषक घ्या. भारत अंतिम फेरीत होता, समोर दक्षिण आफ्रिका. भारत खेळलाच नाही आणि चषक समोरच्याला गेला. स्वतःचं नुकसान सोसून केलेला असा स्वच्छ बॉयकॉट दुसरा सापडणं कठीण. मराठी बातमीत ‘चिनी मालावर बंदी घाला’ आणि ‘चिनी मालावर बहिष्कार घाला’ ही वाक्यं एकसारखी दिसतात, पण पहिली मागणी सरकारकडे आहे आणि दुसरी गिऱ्हाइकाकडे.

*एम्बार्गो आणि सँक्शन्स.* दोन्ही सरकारांची हत्यारं. एम्बार्गो म्हणजे व्यापारबंदी, सँक्शन्स म्हणजे निर्बंध. सामान्य माणूस एम्बार्गो लावू शकत नाही. सँक्शनला अनेकवचनाचा ‘एस’ नसेल तर जपून : बँकेत लोन ‘सँक्शन’ होतं तेव्हा ती मंजुरी असते.

*स्ट्राइक.* संपात माणूस कामच थांबवतो. शिक्षक शाळेत येतात, तास घेतात, पण बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला नकार देतात, तेव्हा मराठी वर्तमानपत्रं ‘उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार’ असं बरोबर लिहितात. इंग्रजी करताना काहीजण घाईत ‘टीचर्स ऑन स्ट्राइक’ करून टाकतात. शिक्षक संपावर नाहीत, एका कामावर त्यांचा बॉयकॉट आहे.

*वॉकआउट.* सभागृहात जाऊन मग उठून बाहेर पडणं, म्हणजे सभात्याग. मुळात गेलाच नाहीत तर बॉयकॉट.

*ऑस्ट्रसाइझ.* फादर ओमॅलींनी बाजूला ठेवलेला तो शब्द. प्राचीन अथेन्समध्ये ज्याला शहराबाहेर काढायचं त्याचं नाव खापराच्या तुकड्यावर कोरून मतदान होई. खापर म्हणजे ऑस्ट्रॅकॉन. नाव निघालं की दहा वर्षं हद्दपार. खापराचा हा संबंध वाचला की मला आपला ‘घटस्फोट’ आठवतो. आज त्याचा अर्थ नवराबायकोची काडीमोड, पण धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर काढण्याचा विधी होता. तिथे घडा, इथे खापर. ऑस्ट्रसाइझमध्ये मागणी नसते, मुदतीची वाटाघाट नसते. माणसालाच बाहेर टाकलेलं असतं. हा शब्द नीट लक्षात ठेवा, सातव्या पायरीवर लागणार आहे.

*बायकॉट.* ‘बाय’ म्हणजे खरेदी, त्यावर केलेली कोटी. एखाद्या दुकानाला पाठिंबा म्हणून मुद्दाम तिथूनच खरेदी करणं. अर्थ थेट उलटा आणि उच्चार जवळजवळ सारखा, त्यामुळे लिहिताना एका अक्षराने घात होऊ शकतो.

पायरी ६ : वाक्यात बसवा

फळ्यावरच्या त्या वाक्याकडे परत येऊ. बॉयकॉट क्रियापद असेल तर पुढे थेट कर्म येतं, मध्ये काहीही नाही. ‘द व्हिलेजर्स बॉयकॉटेड द इलेक्शन.’ ना ‘पुट’, ना ‘ऑन’. मराठीत बहिष्कार ‘वर’ टाकतात, घालतात किंवा पुकारतात, म्हणून आपल्या मनात ‘ऑन’ घर करून बसलेला असतो. तो उचलून बाहेर ठेवा.

नाम म्हणून वापरलात तर पुढे ‘ऑफ’ : ‘अ बॉयकॉट ऑफ द इलेक्शन’. वस्तू किंवा देश असेल तर ‘अगेन्स्ट’ही दिसतो. नामाबरोबर येणारी क्रियापदं ठरलेली आहेत, ती जोडीनेच पाठ करा. बहिष्काराचं आवाहन करणं म्हणजे ‘कॉल फॉर अ बॉयकॉट’. त्यात सामील होणं, ‘जॉइन द बॉयकॉट’. मागे घेणं, ‘कॉल ऑफ’ किंवा ‘एंड द बॉयकॉट’. उठवणं, ‘लिफ्ट’. यांतल्या ‘कॉल फॉर’ आणि ‘कॉल ऑफ’मध्ये आवाहन आणि माघार एवढा फरक आहे, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

आणखी एक चूक, फार पाहिलेली : ‘ही वॉज बॉयकॉटेड फ्रॉम द कास्ट’. जातीतून बहिष्कृत केलं, याचं हे शब्दशः रूप. बॉयकॉटला ‘फ्रॉम’ लागत नाही, कारण बॉयकॉट कुणाला कशातून बाहेर काढत नाही. बॉयकॉट करणारे स्वतः मागे सरतात. ‘फ्रॉम’ हवा असेल तर क्रियापद बदला : ‘ही वॉज एक्स्पेल्ड फ्रॉम द कास्ट’.

शब्द रोजच्या बोलण्यात कितपत चालतो? बातमीत, सभेत, समाजमाध्यमांवर भरपूर. घरगुती रुसव्याफुगव्यात तो विनोदाने येतो. ‘वहिनींनी दोन दिवस सासूबाईंना बॉयकॉट केलंय’ असं मराठीतही कुणी म्हणतं, आणि इंग्रजीतही ते थट्टेनेच म्हणता येईल. गंभीरपणे अबोला सांगायचा असेल तर ‘नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’ हे साधं आणि बरोबर.

पायरी ७ : मराठीत आणताना बाणाची दिशा पाहा

इथे जरा थांबायला हवं, कारण शब्दकोश इथे मदत करत नाही.

लॉख मास्कला खालचे लोक वरच्याला एकटं पाडत होते. ते अगदी निर्मळ होतं असंही नाही. पार्नेल ज्याच्याबद्दल बोलला तो जमीनदार नव्हता, बहुधा दुसरं एखादं गरजू कूळच. तरीही शब्दाला जी कीर्ती मिळाली ती दुबळ्याच्या हातातलं हत्यार म्हणून.

आपल्याकडे मात्र गोष्ट जुनी आणि बहुतेक वेळा उलटी. बॉयकॉट जन्मायच्या कितीतरी आधीपासून मराठीत वाळीत टाकणं होतं, पेशवाईतलं ग्रामण्य, म्हणजे जातीने घातलेला बहिष्कार, होतं, रोटीबंदी आणि बेटीबंदी होती. विहीर बंद, न्हावी बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. बाण वरून खाली. जातपंचायत कुटुंबावर सोडायची, गाव गावकुसाबाहेरच्यांवर. इंग्रजीतला बॉयकॉट आणि आपलं वाळीत टाकणं यांची कृती जवळपास सारखी, लोहारापासून दुकानदारापर्यंत. फरक कोण कुणावर टाकतो याचा.

मग १९०५ आलं. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये परदेशी मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. टिळकांनी ते हत्यार महाराष्ट्रात उचललं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत जुना जातीचा शब्द नव्या कामाला लागला आणि बाण खालून वर वळला. त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून बोलताना गोखले या शब्दाबद्दल साशंक होते. उगमामुळेच या शब्दाला एक वाईट वास चिकटलेला आहे, दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी त्यात आधी दिसते, अशा आशयाचं ते बोलले. त्यांना ‘स्वदेशी’ हा शब्द जवळचा. कॅप्टनला जाऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती आणि पुण्याचा एक प्राध्यापक शब्दाच्या व्युत्पत्तीवरून राजकारणाचा मुद्दा मांडत होता. शब्द मुळापासून ओळखणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना माझ्याजवळ नाही.

पण बाण वळला तो सगळ्यांसाठी नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. इथल्या ‘बहिष्कृत’चं इंग्रजी ‘बॉयकॉटेड’ केलंत तर अर्थाचा खून होतो. बॉयकॉट म्हणजे एक कृती, आज सुरू केली आणि उद्या उठवली. ‘बहिष्कृत’ म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची अवस्था. तिथे ‘एक्स्क्लूडेड’ किंवा ‘ऑस्ट्रसाइझ्ड’च हवं.

आंबेडकरांना बॉयकॉट हा इंग्रजी शब्दही तितकाच नेमका वापरता येत होता. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची कलमं मांडताना, हक्क मागणाऱ्यावर गावाने टाकलेला बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी त्यांनी केली. कलमाचा मसुदा त्यांनी घेतला तो ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून. आयर्लंडच्या कुळांनी घडवलेला शब्द ब्रह्मदेशाच्या कायद्यातून फिरून चवदार तळ्याच्या माणसांच्या बाजूने उभा राहिला. पुढे महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात नुसतं ‘बॉयकॉट’ नाही, ‘सोशल बॉयकॉट’ आहे. हे ‘सोशल’ शोभेचं नाही. नुसता बॉयकॉट हा नागरिकाचा हक्क असू शकतो. सोशल बॉयकॉट हा आपल्या राज्यात गुन्हा आहे.

म्हणून माझा साधा नियम असा. मराठीत ‘बहिष्कार’ दिसला की आधी विचारा, कशावर? वस्तूवर, निवडणुकीवर, सभेवर, कामावर असेल तर बेलाशक ‘बॉयकॉट’. माणसावर किंवा कुटुंबावर असेल तर ‘सोशल बॉयकॉट’ किंवा ‘ऑस्ट्रसाइझ’. आणि मूळ मराठीत ‘वाळीत टाकलं’ असेल तर नुसतं ‘बॉयकॉट’ कधीच नको.

पायरी ८ : हात चालवा

वही घ्या, उत्तर झाकून आधी स्वतः करा.

‘ग्राहकांनी त्या दुधावरचा बहिष्कार मागे घेतला.’ इंग्रजीत : ‘कस्टमर्स कॉल्ड ऑफ देअर बॉयकॉट ऑफ द मिल्क.’ दोन ‘ऑफ’ आले, पण एकाच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एफ’ आहेत आणि दुसऱ्यात एक.

‘सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार टाकला.’ १९२८ सालची गोष्ट. ‘द काँग्रेस बॉयकॉटेड द सायमन कमिशन.’ आयोगात माणसंच होती, मग इथे ‘सोशल’ का नाही? कारण बहिष्कार त्या माणसांच्या पाण्यावर किंवा पंगतीवर नव्हता, त्यांच्या कामकाजावर होता. ‘कशावर’ हा प्रश्न नेमका असाच विचारायचा असतो.

‘काळ्या लोकांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला.’ अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस लोक कामावर पायी गेले. ‘ब्लॅक रेसिडेंट्स बॉयकॉटेड द सिटी बसेस फॉर मोअर दॅन अ इअर.’ इथे ‘ऑन’ घालायचा मोह फार होतो, कारण माणूस बसमध्ये ‘ऑन’च असतो.

‘आंतरजातीय लग्न केलं म्हणून पंचांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला.’ ‘द पंचायत इम्पोज्ड अ सोशल बॉयकॉट ऑन द फॅमिली.’ हो, इथे ‘ऑन’ आला आणि बरोबर आला, पण तो ‘इम्पोज’चा आहे, बॉयकॉटचा नाही.

शेवटची जोडी जरा मुरलेली आहे. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी राज्य सरकार विरोधकांना चहाला बोलावतं आणि विरोधक जात नाहीत. पक्ष बदलतात, सरकारं बदलतात, बातमी तीच : ‘विरोधकांचा चहापानावर बहिष्कार’. आणि १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आणि इतर मंडळींवर ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. मराठीत दोन्हीकडे बहिष्कार आणि दोन्हीकडे चहा. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘दे बॉयकॉटेड द टी’ आणि दुसऱ्याला ‘दे वेअर ऑस्ट्रसाइझ्ड फॉर ड्रिंकिंग इट’.